वादळी वाऱ्यासाठी पुढचं शीड: आधी तार, मग कापड

लांबच्या समुद्रप्रवासाला निघणाऱ्या बहुतेक छोट्या होड्यांवर पुढच्या बाजूला आज एकच शीड असतं: फर्लरवर गुंडाळलेला मोठा जेनोआ. दोरी सोडली की तो उलगडतो, ओढली की गुंडाळला जातो, कॉकपिटमधून उठावंही लागत नाही. या सोयीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तिच्यामुळेच कितीतरी जोडपी दोघांच्या बळावर महासागर ओलांडतात. गडबड होते ती वारा 30 नॉटच्या पुढे गेल्यावर. अर्धवट गुंडाळलेला जेनोआ मधल्या भागात पोत्यासारखा फुगतो, पुढच्या कडेला गुंडाळीचा जाड सोटा तयार होतो, आणि होडी वाऱ्यावर चढायचं सोडून आडवी सरकू लागते. शिडाचा जोर खाली यायला हवा तिथे तो वर आणि पुढे जातो. शिवाय सगळा भार फर्लरच्या एका बारीक दोरीवर. ती तुटली तर सगळ्यात मोठं शीड सगळ्यात वाईट वेळी आपोआप पूर्ण उघडतं.

म्हणून वादळी वाऱ्यासाठी वेगळं शीड हवं, हे बहुतेकांना पटतं. पण मग लोक शीड शिवणाऱ्याकडे जाऊन ‘स्टॉर्म जिब द्या’ म्हणतात आणि घरी आणून पिशवीसकट बिछान्याखाली सारतात. पाच-सात वर्षांनी होडी विकताना जाहिरातीत लिहितात: ‘स्टॉर्म जिब, न वापरलेली’. ती न वापरली जाण्याचं कारण वादळ आलं नाही हे क्वचितच असतं. बहुतेक वेळा ती चढवायला जागाच नसते. ही कृती म्हणूनच शिडापासून सुरू न करता ते ज्या तारेवर चढणार त्या तारेपासून सुरू केली आहे.

साहित्य: लांब मापपट्टी, वही, न पुसणारं मार्कर पेन, होडीच्या मूळ आराखड्याची प्रत मिळाली तर उत्तम, आणि वारा पडलेली एक सकाळ.

पहिली पायरी: शीड कोणत्या कामाला हवं ते ठरवा

वादळात पुढच्या शिडाला तीनपैकी एक काम पडतं. पहिलं, वाऱ्याच्या विरुद्ध चढत किनाऱ्यापासून दूर जाणं. दुसरं, ‘हीव्ह टू’ करणं, म्हणजे शीड उलट्या बाजूला ताणून आणि सुकाणू विरुद्ध बांधून होडी जवळजवळ जागच्या जागी डुलत ठेवणं. तिसरं, वारा पाठीवर घेऊन पळणं.

पळताना छोटंसं शीडही पुरतं. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही 32 फुटी सागवानी होडी मुंबईत बांधलेली. 1968-69 मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करताना दक्षिण महासागरातल्या वादळांत त्यांनी होडीच्या मागे लांब दोर सोडले आणि पुढे छोटी स्टॉर्म जिब मधोमध ताठ बांधली. त्या जिबेचं काम ओढण्याचं नव्हतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेच्या दिशेत सरळ ठेवणं एवढंच ती करत होती.

हीव्ह टू होताना प्रत्येक होडी वेगळी वागते. लांब कण्याच्या जुन्या होड्यांना पुढे उलटं ताणलेलं छोटं शीड मानवतं. पोटाखाली आखूड, खोल पात असलेल्या आजच्या होड्यांची नाळ त्याच शिडाने वाऱ्यापासून ढकलली जाते आणि होडी आडवी पडते. अशा होड्या कधी कधी नुसत्या खोल रीफ केलेल्या (खालून बांधून लहान केलेल्या) मुख्य शिडावर जास्त शांत बसतात. हे कागदावर ठरत नाही, करूनच बघावं लागतं.

सगळ्यात कठीण काम पहिलं. आपल्या कोकणपट्टीचंच बघा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येतो, खाड्यांच्या तोंडाशी लाटा फुटतात, म्हणजे आसरा घ्यायला आत शिरणं हाच सगळ्यात धोक्याचा प्रकार. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेआधी होड्या पाण्यात लोटायच्या नाहीत ही रीत त्याहून जुनी. अशा किनाऱ्यापासून सुटायचं तर शिडात जोर हवा, आकार हवा, वाऱ्यावर चढण्याची ताकद हवी. रुमालाएवढ्या जिबेने ते होत नाही.

तेव्हा वहीत लिहा: ऑक्टोबर ते मे या हंगामात किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई-गोवा, की अरबी समुद्र ओलांडून पुढे? होडीवर माणसं किती? दोनच असतील तर रात्रीच्या वेळी ‘माणसं’ या शब्दाचा अर्थ एक जागा आणि एक झोपलेला.

दुसरी पायरी: दोन मापं घ्या

डोलकाठी, डेक आणि फोरस्टे (डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंत येणारी तार) यांच्यात जो त्रिकोण होतो त्याची उंची आणि पाया एवढंच हवं. उंचीला शीड शिवणारे ‘आय’ म्हणतात, पायाला ‘जे’. हॅलियार्डच्या (शीड वर खेचायच्या दोरीच्या) टोकाला मापपट्टी बांधून वर पाठवा, डेकपर्यंतचं अंतर घ्या. पाया डोलकाठीच्या पुढच्या बाजूपासून फोरस्टे डेकला भेटतो तिथपर्यंत मोजा. आराखड्यात ही मापं असली तरी प्रत्यक्ष मोजा. मधल्या काळात कोणी डोलकाठी बदलली असेल, फर्लर बसवताना स्टे आखूड केला असेल.

पुढच्या सगळ्या हिशोबासाठी साधारण 37-38 फुटी होडी धरू: उंची 14 मीटर, पाया 4.2 मीटर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ 29.4 चौरस मीटर. डोलकाठीच्या मागे थोडा जाणारा 135 टक्क्यांचा जेनोआ साधारण 39 चौरस मीटर भरतो.

तिसरी पायरी: तार निवडा

इथे घाई करू नका. या पायरीवर जे ठरेल तेच पुढे शीड पिशवीत राहणार की वाऱ्यात उभं राहणार ते ठरवेल.

पहिला पर्याय काहीही न करण्याचा: फर्लरवरचा जेनोआ काढायचा आणि त्याच खाचेत छोटं शीड सरकवायचं. बंदरात हे सोपं दिसतं. भर वाऱ्यात मात्र जेनोआ काढायचा म्हणजे आधी तो पूर्ण उलगडावा लागतो. 35 नॉटमध्ये 39 चौरस मीटर कापड मोकळं सोडायचं, मग ते खाचेतून खाली सरकत असताना डेकवर अंगाखाली दाबून धरायचं. खाचेतून सुटलेल्या शिडाला स्टेचा काहीच आधार उरत नाही, ते थेट समुद्रात जातं. त्याच वेळी लाटा नाळेवरून येत असतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या सुरक्षा नियमांत, स्टॉर्म जिब फर्लरच्या खाचेशिवाय दुसऱ्या मार्गानेही स्टेला लावता आली पाहिजे अशी अट आहे. हा पर्याय खोडून टाका.

दुसरा पर्याय, गुंडाळलेल्या जेनोआभोवतीच वेढून बसणारी स्टॉर्म जिब. हिची पुढची कड दुहेरी असते, गुंडाळीला मिठी मारते आणि हँक (शीड तारेला अडकवायचे खटके) लावून बंद होते. नवीन तार नको, डेकला भोक नको, खर्च कमी. एखाद्या भाड्याच्या किंवा लवकरच विकायच्या होडीवर मी हीच घेईन. मात्र ती चढवण्यासाठी नाळेच्या अगदी टोकाशी उभं राहावं लागतं, म्हणजे होडीवरची सगळ्यात उसळणारी जागा. जेनोआ घट्ट गुंडाळून त्यावर शीटदोरीचे दोन-तीन वेढे घेतलेले असले पाहिजेत आणि जिब चढवण्याआधी जेनोआच्या शीटदोऱ्या वाटेतून काढाव्या लागतात. आतली गुंडाळी सुटू लागली तर दोन शिडं एकमेकांत अडकतात. शिवाय जोर अगदी पुढे राहतो, त्यामुळे मुख्य शीड खोल रीफ केलं की होडीची नाळ वाऱ्यापासून दूर पडत राहते.

तिसरा, सोलंट स्टे. फोरस्टेच्या किंचित मागे, डोलकाठीच्या टोकाजवळ जोडलेली दुसरी तार. वरचं टोक जवळजवळ शेंड्याशी असल्यामुळे डोलकाठीला मागून वेगळा आधार लागत नाही. हवामान बरं असताना तार काढून डोलकाठीच्या बाजूला बांधून ठेवता येते आणि जेनोआ या बाजूचा त्या बाजूला विनासायास फिरतो. ज्यांना 20 ते 30 नॉटमध्ये चांगलं चढणारं, लांब कडेचं कामकाजी शीड हवं त्यांना हा आवडतो, आणि आवडावा असाच आहे. पण एक तार ताठ केली की शेजारची ढिली पडते आणि स्टॉर्म जिबेचा जोर इथेही बऱ्यापैकी पुढेच राहतो.

चौथा, आतला स्टे. डोलकाठीच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांशावर जोडलेली आणि डेकवर नाळेपासून चांगली मागे येणारी तार. शिडाचा जोर खाली आणि मध्याकडे येतो, रीफ केलेल्या मुख्य शिडाशी तोल जमतो, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काम करणारा माणूस नाळेच्या टोकाऐवजी रुंद डेकवर, डोलकाठीच्या जवळ बसलेला असतो. दोघांच्या होडीला मी हाच सुचवतो.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली डोलकाठीत. मधल्या उंचीवर पुढे ओढणारी तार आली की मागे ओढणारीही हवी, नाहीतर लाटेवर आपटताना डोलकाठीचा मधला भाग पुढे-मागे लवलवत राहतो. त्यासाठी रनिंग बॅकस्टे बसवावे लागतात: दोन्ही बाजूंनी मागे येणारे, हव्या त्या बाजूचा ताणायचे. काही होड्यांवर पुरेशा मागे झुकलेल्या खालच्या श्राउड (डोलकाठीच्या बाजूच्या तारा) थोडीफार भर घालतात. ते डोलकाठी बसवणाऱ्या जाणकाराला दाखवून ठरवा.

दुसरी किंमत डेकमध्ये, आणि इथे लोक फसतात. फायबरग्लासचं डेक वरून पाय ठेवायला बनवलेलं असतं, वर उचलून ओढायला नाही. खाली जाड पट्टी देऊन चार बोल्ट मारले की झालं, असं सांगणारे भेटतील. 7-8 मिलिमीटरच्या स्टीलच्या तारेचा तुटण्याचा भार चार-पाच टनांच्या घरात असतो. ती तार आपलं काम करत असताना डेक भाकरीच्या पापुद्र्यासारखं उचललं जाऊ नये. म्हणून डेकमधली कडी खालच्या मजबूत बल्कहेडला, बहुतेक वेळा नांगराच्या साखळीच्या कप्प्यामागच्या आडव्या भिंतीला, पट्टीने बांधलेली हवी; तशी भिंत योग्य जागी नसेल तर डेकखालून सळई घेऊन होडीच्या तळाशी लॅमिनेट केलेल्या कडीला जोडावी. तारेची जागा ठरवताना शिडाचा नकाशा दुय्यम, ही भिंत कुठे आहे ते मुख्य. दहा-पंधरा सेंटिमीटर पुढेमागे झाल्याने शिडाचं काही बिघडत नाही.

स्टीलच्या तारेऐवजी डायनीमाचा दोर घ्यावा का? हलका आहे, काढून गुंडाळून ठेवायला सोपा, डोलकाठीवर आपटून आवाज करत नाही. मला तो आवडतो. फक्त मग शिडाला पितळी किंवा स्टीलचे हँक लावू नका, दोर घासून झिजतो. त्यावर मऊ दोऱ्याचे हँक हवेत, आणि भिजलेल्या गार बोटांनी ते लावायला धातूच्या हँकपेक्षा वेळ लागतो. ताण देण्यासाठी स्टीलच्या तारेला खटका असलेला लिव्हर किंवा टर्नबकल, दोराला मजबूत कप्पीसंच.

चौथी पायरी: आकार काढा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 20 नॉटला एका चौरस मीटरवर साधारण साडेसहा किलोचा दाब, 40 नॉटला सव्वीस किलोच्या आसपास. यावरून शीटदोरीवरचा ताण काढण्याचं कामचलाऊ सूत्र असं: शिडाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले वाऱ्याचा नॉटमधला वेग, गुणिले पुन्हा तोच वेग, गुणिले 0.021. उत्तर किलोत. वारा म्हणजे होडीवर जाणवणारा वारा. खरा वारा 35 नॉट असताना होडी सहा नॉटने त्यावर चढत असेल तर डेकवर 40 नॉट जाणवतात.

आता आपली होडी घ्या. पूर्ण जेनोआ 39 चौरस मीटर, 20 नॉट: साधारण 330 किलो. हा ताण तुमच्या विंचला, दोरीला, हाताला सवयीचा आहे. हाच जेनोआ 40 नॉटमध्ये 1,300 किलोच्या पुढे जातो. गुंडाळून 27 चौरस मीटरवर आणला तरी 35 नॉटला जवळजवळ 700.

म्हणजे काम उलटं करायचं. सवयीचे 330 किलो कायम धरायचे आणि वाऱ्यागणिक शीड किती लहान हवं ते काढायचं. 40 नॉटला उत्तर येतं सुमारे 9.8 चौरस मीटर, म्हणजे जेनोआचा चौथा हिस्सा. 45 नॉटला साडेसात-आठ. 30 ते 35 नॉटच्या पट्ट्यासाठी 13 ते 17.

आता नियमावलीशी ताडून पाहा. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 303 होड्या निघाल्या आणि वादळात 15 खलाशी दगावले. दूरच्या शर्यतींत वादळी शिडांची चर्चा निघाली की तिचं नाव आजही निघतं. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या खेळाच्या जागतिक संस्थेच्या दूरसागरी नियमांत स्टॉर्म जिबेची कमाल मर्यादा त्रिकोणाच्या उंचीच्या वर्गाच्या 5 टक्के आहे, आणि पुढची कड उंचीच्या 65 टक्क्यांहून लांब चालत नाही. आपल्या होडीला 14 चा वर्ग 196, त्याचे 5 टक्के 9.8 चौरस मीटर, कड 9.1 मीटर. ताणाच्या हिशोबातून आलेलाच आकडा. त्याच नियमांतल्या ‘हेवी वेदर जिब’ची मर्यादा मात्र वर्गाच्या 13.5 टक्के, म्हणजे 26.5 चौरस मीटर. दहा धडधाकट माणसांच्या शर्यतीच्या होडीला ते ठीक आहे. दोन माणसांनी त्या आकड्याकडे फक्त पाहावं.

लक्षात ठेवा, या कमाल मर्यादा आहेत. स्टॉर्म जिब त्याहून लहान चालते. हलक्या, लवकर कलणाऱ्या होडीला आठच्या खाली जायला हरकत नाही. जड, लांब कण्याच्या होडीला नऊ-साडेनऊ हवेत, नाहीतर ती लाटांतून हलणारच नाही.

माझी निवड सांगतो. किनाऱ्याजवळच्या होडीसाठी आतल्या स्टेवर साधारण 15 चौरस मीटरचं जाड कापडाचं स्टेसेल, आणि त्यात रीफची एक ओळ, जी बांधली की ते नऊच्या आसपास येतं. एकच शीड, एकच पिशवी, आणि ते वर्षातून कितीतरी वेळा वापरलं जातं, कारण 25 नॉटचा वारा 45 सारखा दुर्मीळ नाही. महासागर ओलांडणार असाल तर याशिवाय सात-आठ चौरस मीटरची स्वतंत्र स्टॉर्म जिब: कड साडेसहा मीटर, तिच्यापासून मागच्या कोपऱ्याचं काटकोनातलं अंतर अडीच मीटर. पैसे एकाच शिडापुरते असतील तर स्टेसेल घ्या, यात मला शंका नाही. जे शीड 25 नॉटला चढवायची सवय आहे तेच 40 नॉटला चढवलं जातं.

पाचवी पायरी: कापड आणि शिलाई

डॅक्रॉन घ्या. लॅमिनेट कापड पिशवीत वर्षानुवर्षं घडी होऊन पडलं की घडीवर थर सुटतात. अरामिड आणि कार्बन धाग्यांना वादळी शिडांत नियमानेच मनाई आहे. 35 ते 40 फुटांच्या होडीच्या स्टॉर्म जिबेला शीड शिवणाऱ्यांच्या भाषेतलं 8 ते 9 औंसाचं कापड, म्हणजे चौरस मीटरला साधारण 340 ते 385 ग्रॅम. याहून जाड कापड जास्त टिकतं खरं, पण ते इतकं कडक होतं की घडी घालता येत नाही, पिशवी फुगते आणि डेकवर वळवणं मुश्कील होतं.

ऑर्डर देताना शिवणाऱ्याला पुढच्या गोष्टी लिहून द्या, तोंडी सांगू नका. सगळ्या शिवणी तिहेरी नागमोडी. तिन्ही कोपऱ्यांना मोठे, थरांवर थर दिलेले ठिगळ. मागची कड आत वळलेली, फडफडणार नाही अशी. बॅटन नको, खिडकी नको. मागचा कोपरा, क्ल्यू, उंच ठेवा आणि तळाची कड वर उचललेली, म्हणजे डेकवरून वाहत येणारी लाट शिडात भरणार नाही. पाण्याने भरलेलं शीड फाटतं किंवा कडी उपटतं. हँक तारेच्या जाडीला जुळणारे, वरच्या आणि खालच्या कोपऱ्याजवळ जास्त दाट. रंग भगवा, पिवळा किंवा गुलाबी, चमकदार. शोधायला आलेल्या विमानाला पांढरं शीड फेसाळ समुद्रात दिसत नाही, आणि जानेवारी 2014 नंतर विकत घेतलेल्या वादळी शिडांना तसा रंग नियमानेच लागतो.

आकाराबद्दल एक वाद आहे. वादळी शीड अगदी सपाट हवं असं जुने लोक सांगतात. पण मोठ्या लाटांत होडी दरीत गेली की वारा कमी लागतो आणि शिखरावर आली की एकदम झोंबतो. दरीतून पुन्हा वर यायला शिडात थोडा पोटाचा भाग हवा, नाहीतर होडी लाटेखाली थबकते. मध्यम पोट मागा, आणि ते पुढच्या कडेकडे सरकलेलं मागा. हॅलियार्ड घट्ट ताणली की ते तिथेच राहतं.

खालच्या कोपऱ्याला डायनीमाची किंवा तारेची 60 ते 90 सेंटिमीटरची आखूड दोरी लावून घ्या. तिच्यामुळे शीड लाटांच्या वर उचललं जातं आणि पुढच्या पायरीतला कोनही सोपा होतो.

सहावी पायरी: शीटदोरी कुठून येणार

छोट्या शिडाच्या शीटदोरीची जागा जेनोआच्या रुळावर क्वचितच सापडते. ती बहुधा श्राउडच्या आत, केबिनच्या छताच्या कडेला येते. जागा काढायची रीत साधी: पुढच्या कडेच्या मधल्या बिंदूपासून क्ल्यूमधून एक रेघ मनात ओढा, ती डेकला जिथे भेटेल तिथे कप्पी. थोडी मागे चालेल, त्याने शिडाचा वरचा भाग उघडतो आणि झोतात होडी कमी कलते. फार पुढे नको, मागची कड बंद होते आणि होडी नुसती आडवी सरकते.

तिथे रूळ बसवायची गरज नाही. खाली जाड पट्टी दिलेली एक मजबूत पॅडआय आणि तिला कायम बांधलेली कप्पी पुरे. मात्र तिथून विंचपर्यंत दोरी कशावरही न घासता जाते का, ते बघा.

शिडाच्या स्वतःच्या वेगळ्या शीटदोऱ्या हव्यात, क्ल्यूला कायम बांधलेल्या, लांब शेपटी सोडलेल्या बोलाईन गाठीने. धातूचा शॅकल तिथे कधीही नको. फडफडणाऱ्या शिडाच्या कोपऱ्यातला स्टीलचा तुकडा काय करतो ते दातांच्या डॉक्टरांना विचारा.

सातवी पायरी: बंदरात चढवून बघा

वारा पडलेल्या सकाळी सगळं करा. तार ताणा, रनिंग बॅकस्टे लावा, हँक लावा, वर खेचा. शिडाचा वरचा कोपरा तारेच्या जोडापर्यंत पोहोचून अडकत तर नाही ना? खालचा कोपरा रेलिंगवर घासत नाही ना? हॅलियार्ड कोणती वापरणार? जेनोआची हॅलियार्ड फर्लरला अडकलेली असते, म्हणून आतल्या स्टेला स्वतःची वेगळी हॅलियार्ड हवी. शीटची जागा, हॅलियार्डची उंची आणि बॅकस्टेचा ताण यांच्यावर मार्करने खुणा करा. अंधारात बॅटरीच्या उजेडात त्याच खुणा शोधायच्या आहेत.

मग 20-25 नॉटचा दिवस निवडून बाहेर जा आणि हेच हार्नेस लावून, हातमोजे घालून, एकट्याने करा. दुसऱ्याने फक्त सुकाणू धरायचं. क्रम असा: आधी होडी वारा पाठीवर घेऊन वळवा. त्याने डेकवरचा वारा लगेच कमी होतो आणि मुख्य शिडाच्या आडोशाला काम करता येतं. जेनोआ घट्ट गुंडाळा, शीटचे दोन-तीन वेढे घ्या, फर्लरचा ड्रम वेगळ्या दोरीने बांधून टाका. आतली तार ताणा, वाऱ्याच्या बाजूचा बॅकस्टे ताणा. शीड पिशवीत असतानाच हँक लावा, शीटदोऱ्या कॉकपिटपर्यंत नेऊन अडकवा, हॅलियार्ड लावा. सगळं लागल्यावरच पिशवी उघडा. वर खेचताना शीट थोडी ताणलेली ठेवा, नाहीतर शीड फडफडून हँक तोडेल. मग होडी हळूहळू वाऱ्यावर आणा.

इथेच हीव्ह टू करूनही बघा, शीड उलटं ताणून आणि न ताणता, मुख्य शिडाचे दोन रीफ घेऊन आणि तीन घेऊन. कशाने होडी शांत बसते ते वहीत लिहा. हे तुमच्या होडीपुरतं खरं असतं, शेजारच्या त्याच बनावटीच्या होडीवरही ते जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

आठवी पायरी: जागा आणि निगा

वाऱ्याचा अंदाज बिघडलेला असेल तर शीड हँक लावून, पिशवीत बंद करून, डेकवर घट्ट बांधूनच निघा. वारा 25 ला पोहोचला आणि वाढतोच आहे असं दिसलं की चढवा, 35 ची वाट बघू नका. एरवी पिशवी बिछान्याखाली नको. नाळेकडच्या झाकणाखाली किंवा कॉकपिटच्या पेटीत सगळ्यात वर ठेवा.

हंगाम संपला की गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा. हँकच्या खटक्यांना मीठ धरतं, थेंबभर तेल लावा. सावलीत ठेवलेलं शीड वर्षानुवर्षं चांगलं राहतं, पण शिवणीचा धागा कापडाआधी मरतो. नखाने खरवडून धागा तुटला तर पुन्हा शिवून घ्या. जुनी स्टॉर्म जिब स्वस्तात मिळत असेल तर कापडाऐवजी आधी हेच बघा, मग तिच्या हँकचं माप तुमच्या तारेशी जुळतं का ते, आणि पुढच्या कडेची लांबी. दुसऱ्याच्या होडीसाठी शिवलेल्या जिबेची कड तुमच्या आतल्या स्टेहून लांब निघाली तर ती कापून आखूड करण्यात नव्या शिडाच्या निम्मे पैसे जातात आणि आकारही बिघडतो. तशी घेऊ नका.